अंगण ते भोंगा : जव्हार-मोखाड्यातील शिक्षणाची वाट

'अंगणवाडी' हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे, की त्यातले अंगण कुणाला दिसत नाही. शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येते ती सिमेंटची एक खोली, भिंतीवर रंगवलेली फळे, कोपऱ्यातला वजनकाटा आणि रजिस्टरांचा गठ्ठा. पण ज्या दोन स्त्रियांच्या कामातून हा शब्द जन्मला, त्यांच्यासमोर खरोखरीचे, शेणाने सारवलेले अंगण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात येतात. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या अंगाला, जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत. म्हणजे देशाला अंगणवाडी देणारा जिल्हा आणि बालमृत्यूंमुळे वारंवार बातमीत येणारा जिल्हा एकच.

हे असे का व्हावे? जव्हार-मोखाड्यात शिक्षणाच्या वाटेने कुटुंबाचे भले करू पाहणारे प्रयत्न कमी झालेले नाहीत. सरकारने केले, संस्थांनी केले, एकेकट्या शिक्षकांनीही केले. त्यांतले काही रुजले, काही कागदावर राहिले. रुजलेल्यांत आणि न रुजलेल्यांत फरक काय, हे पाहायचे तर आधी कोसबाडला परत जावे लागते.

शाळा अंगणात गेली

ताराबाई शिकल्या-सवरलेल्या शहरी वर्तुळातून आल्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचे बालशिक्षण उभे केले होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्यामागेही हीच मंडळी होती. पण माँटेसरीची साधने महाग होती आणि ती परवडणाऱ्या घरांतलीच मुले त्या बालमंदिरांत येत. बोर्डीत ताराबाईंनी शिंपले, बिया, पाने, काटक्या, माती हीच साधने केली. तरीही एक अडचण उरली. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या वस्त्यांतली मुले तिथवर येईनात.

यावर त्यांनी काढलेला उपाय आज साधा वाटतो. मुले येत नाहीत, तर आपण जायचे. वस्तीत जायचे, एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. उंबऱ्यात बसलेली आजी आणि चुलीपुढची आई हे सगळे पाहत असे. वेगळा 'पालक-मेळावा' घ्यावा लागत नसे. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतली ही अंगणवाडी, असा भेद तेव्हा पडला.

कोसबाडला वारली पाड्यांत आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. थोडी मोठी मुले सकाळीच गुरे घेऊन माळावर जातात; त्यांना शाळेच्या घंटेचा उपयोग नाही. म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली गेली. तिचे नाव कुरणशाळा. दुसरे असे, की मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तिला विकासवाडी म्हटले गेले. मुलीने यावे, कडेवरचे मूल पाळणाघरात द्यावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे.

या तीन युक्त्यांत एक क्रम आहे. अंगणवाडीने शिक्षणाची जागा बदलली. कुरणशाळेने शिक्षणाची वेळ बदलली. विकासवाडीने मुलीच्या अंगावरचे ओझे उतरवले. जागा, वेळ आणि ओझे ही तीन कुलपे आहेत आणि गरीब घरातल्या मुलासाठी ती तिन्ही उघडावी लागतात, हा कोसबाडचा खरा शोध होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पक्षेत्रांत सुरू केली, तेव्हा गावपातळीवरच्या तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पोषण, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एका छपराखाली आले. फार मोठी गोष्ट होती ती. पण तीन कुलपांपैकी सरकारने एकच उघडले. केंद्र गावात आले. त्याची वेळ मात्र सरकारी राहिली, आणि पाळणाघर तर मागेच पडले. दोन-चार तास उघडे राहणारे केंद्र मुलाला खाऊ देऊ शकते. दिवसभर शेतावर जाणाऱ्या आईच्या जागी उभे राहू शकत नाही.

डोंगरावरचे वर्ष

जव्हार हे एके काळी मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा त्याच्या पूर्वेला, नाशिकच्या वाटेवर. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्हीकडे दहापैकी नऊ माणसे अनुसूचित जमातींची : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचे तर मध्ये दरी उतरावी लागते किंवा ओढा ओलांडावा लागतो.

पाऊस इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, आणि जिथे टँकर पोचत नाही तिथे हंडे घेऊन बायका आणि मुली उतरतात. मुलींच्या शाळेतल्या हजेरीचा विचार करताना या हंड्याला विसरून चालत नाही.

इथल्या कुटुंबाचे वर्ष शाळेच्या वर्षासारखे जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपत नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडाशी पेरायचे, आषाढात आवणी करायची. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खालच्या खाचरात भात. श्रावण-भाद्रपदात जुने धान्य संपलेले असते आणि नवे हाती आलेले नसते. आई दिवसभर चिखलात, घरात कणगी रिकामी, पाण्यातून येणारे आजार घरोघरी. लहान मुले सर्वांत जास्त याच दिवसांत दगावतात. मग आश्विन-कार्तिकात नागली-वरई निघते, वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, तारप्यावर नाच होतो. दिवाळी होते. आणि दिवाळी झाली की पाडा रिकामा व्हायला लागतो.

कुटुंबेच्या कुटुंबे वाडा, भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीबंदरांवर, बांधकामांवर निघतात. पुष्कळांनी आधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कधी सणासाठी, कधी दवाखान्यासाठी, कधी लग्नासाठी. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे मराठी वाचकाला उंबरगाव-डहाणूकडची वेठ आणि लग्नगड्याची प्रथा ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराचे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे, ही ती प्रथा. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपवली. उचल ही तिची सौम्य, पण ओळखू येणारी नात आहे. ती फेडायला माणसे जातात ती शिमग्याला थोडे दिवस परततात, नाहीतर पावसाआधीच.

थोरली बहीण, धाकटा भाऊ

भट्टीवरचे काम हजार विटांच्या हिशेबाने होते आणि ते जोडीने होते. नवरा-बायको पहाटेच्या अंधारात उठून माती मळतात, विटा पाडतात. मुलेही ओल्या विटा उलटायला हातभार लावतात. चार विटा रचून, वर पेंढा किंवा पत्रा टाकून उभ्या केलेल्या खोपटाला भोंगा म्हणतात. या भोंग्यात नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि तिच्या मांडीवर वर्ष-दीड वर्षाचे मूल असते. पाड्यावर असताना तिचे नाव शाळेच्या पटावर होते आणि त्या मुलाचे नाव अंगणवाडीच्या वहीत. आता दोन्ही नावे तिकडे राहिली आणि दोन्ही मुले इकडे आली.

पुढची साखळी सरळ आहे. सहा महिने शाळा बुडाली की मुलगी मागे पडते. दोन-तीन वर्षे हेच झाले की वर्गात बसणे तिलाच नको वाटते. शाळा सुटलेल्या मुलीला भट्टीवर एकटी ठेवण्याची भीती वाटते, मागे पाड्यावर ठेवायचे तर सांभाळणारे कोणी नसते. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचा संसार मांडला जातो. तिचे स्वतःचे शरीर भरलेले नसताना ती आई होते. तिचे मूल कमी वजनाचे जन्मते. काही वर्षांनी त्या मुलाला सांभाळायला आणखी एखादी थोरली बहीण शाळा सोडते.

म्हणून थोरल्या बहिणीची शाळा आणि धाकट्या भावाचे वजन हे दोन प्रश्न नाहीत. तो एकच प्रश्न आहे. विकासवाडीने तो एकच म्हणून हाताळला होता. पुढे मात्र कारभाराने त्याचे तुकडे केले. पाड्यावरची शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, आजारपण आरोग्य विभागाकडे आणि भट्टी कामगार विभागाकडे. मूल एक, फायली पाच. प्रत्येक फाईल आपापल्या परीने पूर्ण असू शकते आणि तरीही मूल त्यांच्यामधल्या फटीतून खाली पडू शकते.

हे पडणे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली. राज्य हादरले, मुख्यमंत्री तिथे पोचले, जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले. १९९५ साली आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना सुरू झाली. तरी २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी तोच प्रश्न पुन्हा चव्हाट्यावर आणला. मधल्या काळात रस्ते झाले, वीज आली, दवाखाने वाढले. सारे राज्य पाहिले तरी चित्र फार वेगळे नाही : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती; २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३५.२ टक्के निघाले.

अज्ञान कुणाचे?

अशा प्रत्येक घटनेनंतर एक शब्द हमखास ऐकू येतो, तो म्हणजे 'जनजागृती'. आदिवासी आईला आहाराचे ज्ञान नाही, ते द्यायला हवे, असा त्याचा अर्थ. मग भिंतीवर सफरचंद आणि दुधाचा पेला रंगवला जातो.

जव्हार-मोखाड्यातल्या आजीला काय ठाऊक असते ते आधी पाहू. पहिल्या पावसानंतर शेवळा कुठे उगवतो आणि त्याची खाज घालवायला काय घालायचे, कोवळा टाकळा किती दिवस खाण्याजोगा राहतो, बांबूचे कोंब कसे शिजवायचे, शेतातले खेकडे कधी धरायचे, बाळंतिणीला नागलीची पेज कशी द्यायची, हे सारे तिला येते. नागलीत चुना आणि लोह भरपूर असते हे तिने वाचलेले नसते. पण तिच्या आजीने बाळंतिणीला जे दिले तेच पोषणशास्त्र आज सांगते. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाणी म्हणत विधी चालवते. सुईण बाळंतपण करते. कुटुंबजीवनाचे शिक्षण देणारी माणसे या समाजात होतीच.

मग अडते कुठे? जंगल विरळ झाले, तशी रानभाजी लांब गेली. नागलीची जागा रेशनच्या तांदळाने घेतली. आणि मुख्य म्हणजे, जे ठाऊक आहे ते करायला आईजवळ वेळ नाही. लहान मुलाचे पोट छोटे असते. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. सकाळी सातला शेतावर किंवा भट्टीवर गेलेली आई हे कसे करणार? मूल फारच खालावले तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दोन-तीन आठवडे ठेवा असे सांगितले जाते. बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते. पण घरी आणखी दोन मुले आहेत, म्हातारी सासू आहे, आवणी खोळंबली आहे. ती चौथ्या दिवशी मूल उचलून घरी निघते, तेव्हा तिला 'अडाणी' म्हणणे सोपे असते. तिने केलेला हिशेब मात्र आपण केलेला नसतो.

महाराष्ट्र सरकारच्या एका योजनेने हा मुद्दा बराच ओळखला. २०१५ च्या अखेरीस अनुसूचित क्षेत्रात सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचे पूर्ण गरम जेवण अंगणवाडीत मिळते. २०१६ पासून लहान मुलांना अंडी किंवा केळी देणे त्यात आले. इथे उपदेश नाही, ताट आहे. चार बायका एकत्र जेवायला बसल्या की बोलणेही होते, आणि जे बोलणे होते ते भिंतीवरच्या चित्रापेक्षा खोल जाते. पण हे ताट अंगणवाडीपर्यंत येणाऱ्या आईसाठी आहे. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेल्या आईचे ताट कुठे मांडायचे, हा प्रश्न उरतोच.

जे रुजले ते

या मुलखात आणि आजूबाजूला झालेले काही प्रयत्न जागा, वेळ आणि ओझे या कोसबाडच्या कसोटीवर लावून पाहण्यासारखे आहेत.

जव्हारला वसंतराव पटवर्धनांनी १९७२ साली प्रगती प्रतिष्ठान उभे केले. संस्थेची निवासी कर्णबधिर शाळा हे तिचे ठळक काम. डोंगरातल्या पाड्यावर ऐकू न येणारे मूल जन्मले तर त्याच्या वाट्याला शाळा तर नसतेच, भाषाही नसते. त्या मुलाला जव्हारमध्ये भाषा मिळणे ही त्याच्या सगळ्या घरासाठी घडलेली गोष्ट असते. संस्थेने पाड्यांवर पाण्याच्या योजनाही केल्या. वरवर पाहता पाणी आणि शिक्षण वेगळे विषय. पण हंडा उतरला की मुलीची सकाळ मोकळी होते. हे ओझे उतरवण्याचेच काम झाले.

बाएफ संस्थेने जव्हार भागात 'वाडी' रुजवली. तिची सुरुवात १९८२ च्या सुमारास गुजरातेतल्या वांसदा भागात झाली होती. एकरभर वरकस जमिनीत आंबा-काजूची कलमे, कडेने वनझाडे, मधल्या जागेत पिके; पुढे या परिसरात मोगऱ्याची शेतीही आली. या कामाला कोणी शिक्षणाचा कार्यक्रम म्हणणार नाही. पण ज्या घराला मार्गशीर्षातही आपल्याच बांधावर काम असते, ते घर भट्टीवर जात नाही, आणि न गेलेल्या घरातले मूल शाळेत असते. शाळेच्या हजेरीवर इतका थेट परिणाम करणारा दुसरा उपाय शोधूनही सापडणार नाही.

अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी १९८२ साली ग्राममंगल संस्था सुरू केली. डहाणूजवळच्या ऐने येथील तिच्या शाळेने आदिवासी मुले कशी शिकतात याचा बारकाईने अभ्यास केला. त्या परंपरेत घडलेले नीलेश निमकर यांनी २००७ साली वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथे क्वेस्ट ही संस्था उभी केली. अंगणवाडीताईंना बालशिक्षणाचे कसब देणे, हे तिच्या कामाचे महत्त्वाचे अंग आहे. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलासमोर पुस्तकी मराठी एकदम टाकली तर ते गप्प होते. त्याच्या बोलीतून हळूहळू वाट काढली तर बोलते. इथे शाळा मुलाच्या भाषेच्या अंगणात जाते.

मोखाड्यात २००६ साली निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाचा एक प्रकल्प म्हणून 'आरोहन'चे काम सुरू झाले. शिक्षण, आरोग्य, पोषण, उपजीविका आणि ग्रामसभा हे विषय सुटे न करता एकत्र घ्यायचे, हा त्यामागचा विचार. पाच फायलींचे मूल पुन्हा एक करण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि राज्यभर मोबाइलवर वर्ग भरू लागले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ना तसा फोन, ना नेटवर्क. तिथे दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' काढली. लाऊडस्पीकर पाड्यावर न्यायचा आणि आधी तयार केलेला पाठ मोकळ्या जागेत लावायचा. मोबाइल एका मुलाच्या हातात असतो. लाऊडस्पीकर साऱ्या पाड्याला ऐकू जातो. नागली निवडणारी आजीही धडा ऐकते. पंचाहत्तर वर्षांनी शाळा पुन्हा अंगणात आली ती अशी.

आणि भोंगाशाळा. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच शाळा काढल्या आणि त्यांना मुलांच्या घराचेच नाव दिले. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्याच जातीचा हा प्रयोग. कोसबाडची कुरणशाळा गुरांमागे गेली होती. भोंगाशाळा विटांमागे गेली. तिच्यात शिकवायचे तर शिक्षकाला पहाटेपासून राबणाऱ्या घराची दिनचर्या समजून घ्यावी लागते, आणि तिथे शिकलेले महिने गावच्या शाळेने आपले मानावे लागतात. ही दुसरी अट पाळली गेली नाही, तर मूल जूनमध्ये पुन्हा त्याच इयत्तेच्या दारात उभे राहते.

दुसरीकडचे दोन दाखले

शाळेने कुटुंबाचे वर्ष पाळावे ही मागणी विचित्र वाटण्याचे कारण नाही. १९३५ साली फ्रान्सच्या नैऋत्य भागात काही शेतकरी बाप आणि एक पाद्री यांनी मिळून एक शाळा काढली. शेतीच्या कामाला मुलगा लागतो म्हणून त्याला शिकायला पाठवता येत नाही, ही त्यांची अडचण होती. त्यावर त्यांनी ठरवले, की मुलाने काही दिवस शाळेत राहून शिकायचे आणि उरलेले दिवस घरच्या शेतावर काम करत त्याच शिक्षणाचा वापर करायचा. अशी 'ग्रामीण कुटुंबगृहे' फ्रान्सभर पसरली आणि पुढे आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतही गेली. तिथे शाळा चालवण्यात पालकांचा वाटा असतो. म्हणून वेळापत्रक पालकांच्या कामाशी भांडत नाही.

दुसरा दाखला जवळचा आहे. छत्तीसगडमध्ये २०१२-१३ पासून आदिवासी भागांत 'फुलवारी' सुरू झाल्या. तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसभर सांभाळणारे, वस्तीतल्या आयांनीच आळीपाळीने चालवलेले हे पाळणाघर. मुलाला वेळेवर खायला मिळते, आई कामाला जाते आणि थोरली बहीण शाळेत. विकासवाडीचा अर्धा भाग दुसऱ्या राज्यात वेगळ्या नावाने उभा राहिला आहे.

हे इथे करायला कायद्याचा अडसर नाही. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एका स्त्रीला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. 'पाळणा' योजनेने अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची सोय केली आहे. स्थलांतरित माता-बालकांची नोंद त्यांच्यामागे पाठवणारी संगणकीय प्रणालीही राज्याने अलीकडच्या वर्षांत आणली. नोंद भट्टीजवळच्या अंगणवाडीपर्यंत पोचली की काम निम्मे होते. उरलेले निम्मे म्हणजे त्या अंगणवाडीताईने भोंग्यापर्यंत चालत जाणे. तिच्या हद्दीत अचानक चाळीस मुले वाढली तर तिला मदतनीस आणि शिधा मिळणार का, यावर ते अवलंबून आहे.

शिकलेल्यांचे काम

जव्हार-मोखाड्यात आता दहावी-बारावी झालेले, काही पदवीधर झालेले तरुण-तरुणी पाड्यापाड्यावर आहेत. आश्रमशाळांनी आणि वसतिगृहांनी ही पिढी घडवली. नोकरी सगळ्यांना मिळत नाही आणि नांगराकडे परतणे अवघड वाटते. या तरुणांपैकी पुष्कळांना आपले शिक्षण वाया गेल्यासारखे वाटते. खरे तर पाड्याला त्यांच्या अक्षरांची रोज गरज असते.

एक उदाहरण घेऊ. रोजगार हमीचे काम हवे असेल तर नमुना ४ भरून द्यावा लागतो आणि नमुना ५ ही त्याची तारखेसह पोच घ्यावी लागते. पोच हातात असेल आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेरोजगार भत्त्याचा हक्क उभा राहतो. पोच नसेल तर मागणीच झाली नाही असे धरले जाते. दिवाळीच्या आधी चाळीस घरांचे नमुने भरून पोच घेणारी एक मुलगी पाड्यावर असली, तर त्यातली काही घरे मुकादमाच्या गाडीत बसत नाहीत. साक्षरतेचा याहून ठोस अर्थ कोणता सांगता येईल?

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट या गावांकडे येऊ लागला. आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण यांवर तो खर्च करता येतो. पाळणाघराला खोली, दोन स्त्रियांना मानधन, नागलीचे पीठ आणि अंडी, इतका खर्च ग्रामसभा ठरवू शकते. पण त्यासाठी निधी किती आला, कशावर गेला, हे कुणीतरी वाचून दाखवावे लागते. वजनाच्या नोंदी सभेत वाचल्या गेल्या आणि कुणाचे मूल का घटले हे दोष न देता बोलले गेले, तर ती सभाच कुटुंबशिक्षणाचा वर्ग होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्ञान बाहेरून आले. ते पोचवणारे पाय गावचेच होते.

ताराबाईंनी तीन कुलपे उघडून दाखवली त्याला आता ऐंशी वर्षे होत आहेत. जव्हार-मोखाड्यासाठी नवी योजना जाहीर होईल तेव्हा तिला विचारायचे प्रश्नही तीनच आहेत. ती मुलाजवळ जाते का? त्याच्या घराच्या वर्षाप्रमाणे चालते का? आणि त्याच्या बहिणीच्या कडेवरचे ओझे उतरवते का? या प्रश्नांची परीक्षा बैठकीत होत नाही. वाघबारस उलटते, तारपा शांत होतो आणि भिवंडीच्या रस्त्याला भांडी-कपड्यांची गाठोडी आणि मुले भरलेले टेम्पो लागतात, तेव्हा ती होते. त्या टेम्पोमागोमाग कोणती शाळा निघते आणि त्यात बसावे न लागणारी किती घरे पाड्यावर उरतात, यावर पुढच्या पावसाळ्यातल्या वजनाच्या नोंदी लिहिल्या जातात.